सह्याद्रीच्या वायूंचा हिशेब

महाबळेश्वरहून पोलादपूरकडे उतरणाऱ्या आंबेनळी घाटाचे नाव जगभरच्या भूशास्त्रज्ञांच्या तोंडी असते, हे सातारा जिल्ह्यातही फारसे कुणाच्या गावी नसते. दख्खनच्या लाव्हाथरांची जी वर्गवारी आज प्रिन्स्टनपासून ऑस्लोपर्यंत वापरली जाते, तिच्यातील सर्वांत वरच्या आणि आकारमानाने सर्वांत मोठ्या गटाला ‘वाई’ हे नाव आहे. त्या गटातील मुख्य थर खालून वर पोलादपूर, आंबेनळी आणि महाबळेश्वर या नावांनी ओळखले जातात. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी हे थर वाहिले, तेव्हा त्यांच्यासोबत गंधकाचे, कार्बनचे, क्लोरिनचे आणि फ्लोरिनचे प्रचंड वायू हवेत गेले. ते किती गेले, केव्हा गेले आणि त्यांनी पृथ्वीचे हवामान किती बिघडवले, हा गेल्या चाळीस वर्षांतला मोठा वैज्ञानिक प्रश्न आहे. या प्रश्नाचा इतिहास पाहिला की एक गोष्ट स्पष्ट होते. ज्वालामुखीच्या वायूंची मोजणी हे एका देशाच्या आवाक्यातले काम नाही. त्यामुळे येथे आंतरराष्ट्रीय सहकार्य हा सौजन्याचा भाग राहत नाही, ती पद्धतीचीच गरज ठरते. आणि ती गरज असल्यामुळेच ते सहकार्य बरोबरीचे असायला हवे. साताऱ्याच्या वाट्याला ती बरोबरी फार उशिरा आली, आणि तीही अपुरी.

आरंभीची सुमारे दीडशे वर्षे सह्याद्रीचा अभ्यास म्हणजे घट्ट खडकाचा अभ्यास होता. कर्नल विल्यम साइक्स यांनी १८३० च्या दशकात दख्खनच्या भूरचनेचे वर्णन लंडनच्या विद्वानांपुढे मांडले. पुढे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या अधिकाऱ्यांनी डोंगर पायी तुडवून नकाशे केले. थर मोजले गेले, त्यांच्यामधले तांबड्या मातीचे पट्टे नोंदले गेले, माथ्यावरचा जांभा नोंदला गेला. निघून गेलेल्या वायूचा विचार करण्याचे कारणच कुणाला पडले नव्हते. ते कारण बाहेरून आले. १९७८ मध्ये अमेरिकेतील ड्यूई मॅक्लीन यांनी डायनोसॉरांच्या काळाच्या अखेरीस हवेत कार्बन डायऑक्साइड साचून पृथ्वी तापली असावी, असे मांडले आणि पुढच्या काही वर्षांत त्याचा उगम दख्खनच्या उद्रेकांत दाखवला. १९८० मध्ये लुइस आणि वॉल्टर अल्वारेझ या पितापुत्रांनी आपल्या सहकाऱ्यांसह तो काळ अशनीच्या आघाताने संपला अशी कल्पना मांडली आणि वादाला तोंड फुटले. १९८६ मध्ये फ्रान्सच्या व्हॅन्सां कुर्तियो यांच्या गटाने दख्खनचे उद्रेक लांबलचक काळात पसरलेले नसून नेमके डायनोसॉरांच्या अंताच्या सीमाकाळाच्या आसपास, थोड्या अवधीत झाले असावेत असे पुराचुंबकत्वाच्या आधारे दाखवले. थोड्या अवधीत मोठा लाव्हा वाहिला याचा अर्थ थोड्या अवधीत मोठा वायू सुटला. तेव्हापासून सह्याद्रीच्या कातळात वायूचा शोध सुरू झाला.

या शोधाला पाया मिळाला तो महाड–महाबळेश्वर रस्त्यावर. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील आर. एन. सुखेश्वाला आणि ऑक्सफर्डचे कीथ कॉक्स हे १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या महाड–महाबळेश्वर छेदाच्या अभ्यासाचे सहलेखक होते. पुढच्याच वर्षी जॉन महोनी यांच्यासह अमेरिकी व भारतीय शास्त्रज्ञांनी महाबळेश्वरच्या थरांतील निओडिमियम आणि स्ट्रॉन्शियमची समस्थानिके मोजून त्या लाव्ह्याचा उगम शोधला. आयआयटी मुंबईचे के. व्ही. सुब्बाराव आणि वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाचे पीटर हूपर यांच्या गटाने १९८६ मध्ये पश्चिम घाटाच्या थरांची रासायनिक वर्गवारी पक्की केली. घाटातला एक थर दुसऱ्यासारखाच काळा दिसतो. डोळ्याने त्यांत फरक करणे अवघड. टायटॅनियम, बेरियम, स्ट्रॉन्शियम यांची प्रमाणे मोजली तरच कोणता थर कुठला हे कळते. त्या काळी ही मोजणी मोठ्या संख्येने आणि खात्रीने करणारी यंत्रे अमेरिका-युरोपात होती, आणि घाटाची ओळख व नमुने जमवण्याची मेहनत येथील माणसांची होती. कामाची वाटणी येथेच ठरून गेली आणि पुढे बराच काळ तीच राहिली.

याच काळात जगाच्या दुसऱ्या टोकाला जिवंत ज्वालामुखींचे वायू मोजण्याचे तंत्र वाढत होते, आणि तेही देशोदेशींच्या भागीदारीतूनच. १९८५ मध्ये कोलंबियातील नेवादो देल रुइझच्या उद्रेकाने चिखलाचे लोंढे आणून २० हजारांहून अधिक माणसे मारली. त्यानंतर अमेरिकेने संकटातल्या देशांना मदत करणारे ज्वालामुखी पथक उभारले. १९९१ मध्ये फिलिपिन्सच्या पिनाटुबोवर त्या पथकाने आणि फिलिपिनी शास्त्रज्ञांनी मिळून सल्फर डायऑक्साइड मोजला. १३ मे रोजी दिवसाला सुमारे ५०० टन असलेले उत्सर्जन २८ मे रोजी ५,००० टनांवर गेले आणि त्यानंतर काही दिवसांतच ते झपाट्याने खाली आले. वायू बाहेर पडण्याच्या वाटा बुजल्या आहेत आणि आत दाब वाढतो आहे, असा त्याचा अर्थ लावला गेला. लोक हलवले गेले, हजारो जीव वाचले. १५ जूनच्या मुख्य उद्रेकातून दीड ते दोन कोटी टन सल्फर डायऑक्साइड वर गेला. तो उपग्रहाने मोजला आणि पुढच्या वर्षी पृथ्वीचे तापमान सुमारे अर्धा अंश उतरले. या विद्येची किंमतही मोजावी लागली. १४ जानेवारी १९९३ रोजी कोलंबियातील गालेरासवर आंतरराष्ट्रीय कार्यशाळेतून विवरात गेलेले सहा शास्त्रज्ञ आणि तीन सहलकर्ते अचानक झालेल्या स्फोटात मरण पावले. त्यांत वायूंचे रशियन अभ्यासक इगोर मेन्यायलोव्ह होते आणि ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीचे जेफ ब्राउनही होते. त्याच ओपन युनिव्हर्सिटीतून पंधरा वर्षांनी दख्खनच्या वायूंचा पहिला ठोस हिशेब आला.

हा हिशेब कसा केला, ते बारकाईने पाहण्याजोगे आहे. लाव्हा वर येताना त्यात स्फटिक वाढत असतात. वाढता वाढता एखादा स्फटिक वितळलेल्या खडकाचा सूक्ष्म थेंब आपल्या पोटात बंद करून घेतो. तो थेंब गोठून काच होतो. आकाराने मिलिमीटरच्या शंभराव्या-दहाव्या भागाचा हा काचेचा कण बाहेरच्या लाव्ह्यापासून तुटलेला असतो, म्हणून त्यातला वायू निसटत नाही. बाहेरचा लाव्हा मात्र पृष्ठभागावर येऊन फुगे सोडतो. कराड-सांगलीच्या गुऱ्हाळात काहिलीतला पाक वाफ्यात ओतला की वर फेस धरतो आणि खाली घट्ट गूळ बसतो, तसाच लाव्ह्याच्या थराचा माथा फुग्यांनी चाळणी झालेला असतो आणि मधला भाग भरीव असतो. आता स्फटिकातल्या काचेचे गंधक इलेक्ट्रॉन किरणाने मोजायचे, बाहेरच्या थंड झालेल्या काचेचे गंधकही मोजायचे. दोहोंतला फरक म्हणजे हवेत गेलेले गंधक. स्टीफन सेल्फ, स्टीफन ब्लेक, कीर्ती शर्मा, माइक विडोसन आणि सारा सेफ्टन यांनी २००८ मध्ये हा फरक काढला. स्फटिकातल्या काचेत दहा लाख भागांत सुमारे १,४०० भागांपर्यंत गंधक आणि ९०० भागांपर्यंत क्लोरिन सापडले. त्यावरून एक घन किलोमीटर लाव्ह्यामागे जास्तीत जास्त ५४ लाख टन सल्फर डायऑक्साइड आणि सुमारे १० लाख टन हायड्रोजन क्लोराइड सुटला असावा, असा आकडा निघाला.

या आकड्याचे वजन कळायचे तर थरांचा आकार लक्षात घ्यावा लागतो. आंबेनळी आणि महाबळेश्वर या थरांशी रासायनिक दृष्ट्या जुळणारा लाव्हा आंध्रात राजमहेंद्रीजवळ, पश्चिम घाटापासून सुमारे हजार किलोमीटरवर सापडतो. पृथ्वीवरच्या सर्वांत लांब लाव्हाप्रवाहांत त्याची गणना होते. अशा एका मोठ्या उद्रेकात हजार घन किलोमीटर लाव्हा आला असे धरले, तर वरच्या हिशेबाने सुमारे ५४० कोटी टन सल्फर डायऑक्साइड होतो, म्हणजे जवळपास तीनशे पिनाटुबो. येथे एक सावधगिरी हवी. पिनाटुबोचा वायू काही तासांत स्थितांबरात गेला. दख्खनचा लाव्हा वर्षानुवर्षे भेगांतून वाहिला आणि त्याचा बराचसा वायू खालच्या हवेत राहून पावसासोबत उतरला असेल. गंधकाचे कण हवेत फार काळ टिकत नाहीत. म्हणून नुसती बेरीज करून प्रलय सिद्ध होत नाही. उद्रेक किती वर्षे चालला आणि दोन उद्रेकांमध्ये किती काळ गेला, यावर सगळे ठरते.

इथे पहिला आक्षेप उभा राहतो. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी निसटलेला वायू आज मोजला म्हणणे हे अंदाजालाच मोजणीचे नाव देणे नव्हे काय? आक्षेप रास्त आहे आणि त्याचे उत्तर सह्याद्रीत मिळतच नाही. ते आइसलँडमध्ये मिळते. २०१४ च्या ऑगस्टपासून २०१५ च्या फेब्रुवारीपर्यंत होलुहरौन येथे जमिनीच्या भेगेतून सुमारे दीड घन किलोमीटर लाव्हा वाहिला. त्याचा वायू जमिनीवरून आणि उपग्रहांवरून अनेक देशांच्या पथकांनी मोजला. तो एक कोटी टनांच्या घरात भरला. त्याच लाव्ह्याच्या स्फटिकांतली काच तपासून काढलेला आकडाही त्याच्या जवळपास आला. म्हणजे काचेची पद्धत जिवंत उद्रेकावर पारखली गेली. १७८३-८४ मध्ये त्याच देशात लाकीच्या भेगेतून आठ महिन्यांत सुमारे १५ घन किलोमीटर लाव्हा आणि १२ कोटी टनांच्या आसपास सल्फर डायऑक्साइड सुटला होता. गवतावर बसलेल्या फ्लोरिनने गुरे-मेंढ्या मेल्या आणि दुष्काळात देशातली सुमारे एक-पंचमांश माणसे गेली. सह्याद्रीचा खडक वाचण्याची ही कसोटी आहे. आइसलँडच्या मोजणीशिवाय साताऱ्याच्या काचेला अर्थ नाही. उलट, आइसलँडच्या शास्त्रज्ञांना आपल्या भेगेतून सर्वांत वाईट काय होऊ शकते याची वरची मर्यादा पाहायची तर साताऱ्यात यावे लागते. दोन्ही बाजूंना एकमेकांची गरज आहे, आणि २००५ पासून युरोपच्या पैशातून अनेक देशांच्या ज्वालामुखींवर एकाच तऱ्हेची वायूमापक यंत्रे बसवण्याचे जे काम झाले, त्याच्यामागेही हीच गरज होती.

दुसरा आक्षेप अशनीवाल्यांचा. १९९१ मध्ये मेक्सिकोतील चिक्शुलूबचे विवर ओळखले गेल्यावर दख्खनच्या वायूंची फिकीर कशाला, असे पुष्कळांना वाटू लागले. त्याचे उत्तर काळाच्या मोजणीवर अवलंबून होते, आणि ती मोजणी दोन वेगवेगळ्या गटांनी दोन वेगळ्या मार्गांनी केली. प्रिन्स्टनचे ब्लेअर शोएन आणि गेर्टा केलर यांच्या गटात अमरावती विद्यापीठाचे सय्यद खाद्री होते. थरांमधल्या तांबड्या मातीत ज्वालामुखी राखेचा अंश असतो. ती माती धुऊन त्यातून झिरकॉनचे डोळ्यांना जेमतेम दिसणारे कण वेचायचे आणि त्यांच्यातल्या युरेनियम व शिशाच्या प्रमाणावरून वय काढायचे, ही त्यांची पद्धत. बर्कलीच्या पॉल रेन आणि कोर्टनी स्प्रेन यांच्या गटात आयआयटी मुंबईचे कांचन पांडे होते. त्यांनी लाव्ह्याचेच वय आर्गॉन वायूच्या समस्थानिकांवरून काढले. दोन्ही निबंध २०१९ च्या फेब्रुवारीत ‘सायन्स’च्या एकाच अंकात आले. शोएन यांना चार मोठे झटके दिसले आणि त्यांतला एक आघाताच्या दहा हजारांहून अधिक वर्षे आधी सुरू झालेला दिसला. स्प्रेन यांच्या मते नव्वद टक्क्यांहून अधिक लाव्हा दहा लाख वर्षांच्या आत वाहिला, पण त्याचा तीन-चतुर्थांश भाग आघातानंतरचा होता. मतभेद आहे म्हणून काम फसले, असे म्हणता येणार नाही. दोन स्वतंत्र घड्याळे एकाच खडकावर लावली गेली, हीच येथली कमाई आहे. पुढे २०२१ मध्ये सुरुवातीच्या लाव्ह्यातील कार्बन मोजून आघातापूर्वीच्या तापमानवाढीशी त्याचा मेळ घातला गेला. २०२३ मध्ये ऑस्लोच्या सारा कॅलेगारो आणि मॉन्ट्रियलचे डॉन बेकर यांच्या गटाने गंधक आणि फ्लोरिन मोजून आघातापूर्वीच्या काळात वारंवार अल्पकालीन थंडीचे झटके आले असावेत असे मांडले. अशनीने शेवटचा घाव घातला असेल. पण जीवसृष्टी कोणत्या हवेत जगत होती, हे सह्याद्रीच सांगतो.

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो आणि तो मराठी माणसाने करायला हवा असा आहे. खडक आपला, घाट आपला, वाट दाखवणारे आपले. पण मोजणी ओपन युनिव्हर्सिटीच्या मिल्टन कीन्सला, बर्कलीला, ऑस्लोला. याला सहकार्य म्हणायचे की कच्च्या मालाची निर्यात? हा आक्षेप झटकून टाकता येत नाही. वर आलेल्या प्रत्येक मोठ्या निबंधाचे पहिले नाव परदेशी आहे, हे उघड आहे. त्यातून शास्त्राचेही नुकसान होते. घाटरस्त्यांवरच्या मोजक्या छेदांवर उभारलेली रासायनिक वर्गवारी साऱ्या दख्खनला लावली जाते. प्रत्यक्ष डोंगरात चालून थर जुळवणाऱ्यांना ती ठिकठिकाणी बसत नाही. पुण्याचे विवेक काळे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० मध्ये हा मुद्दा तपशिलाने मांडला. थर चुकीचा जुळवला तर त्याचे आकारमान चुकते, आकारमान चुकले तर वायूचा आकडा चुकतो. काच कितीही अचूक मोजली तरी गुणाकाराचा दुसरा अंक येथील नकाशातून येतो. म्हणून स्थानिक ज्ञान हा या हिशेबाचा निम्मा भाग आहे, आणि त्याला निम्मा मान मिळायला हवा. मात्र या आक्षेपातून ‘नमुने देशाबाहेर जाऊच देऊ नयेत’ असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल. तसे झाले असते तर महाबळेश्वरचा कातळ आजही मुका राहिला असता.

मार्ग कोणता, हे कोयनेने दाखवले आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे पाटण तालुक्यात कोयना धरणाजवळ ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला आणि सुमारे दोनशे माणसे दगावली. धरणाच्या पाण्यामुळे चालना मिळालेल्या भूकंपांत तो जगातला सर्वांत मोठा मानला जातो. पुढे सांगली जिल्ह्यात शिराळा तालुक्यातील चांदोलीच्या वारणा जलाशयात १९८५ पासून पाणी साठू लागले आणि १९९० च्या दशकात धक्क्यांचे क्षेत्र दक्षिणेकडे वारणेपर्यंत पसरले. या दोन जिल्ह्यांच्या पोटात नेमके काय चालले आहे हे पाहण्यासाठी हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने हर्ष गुप्ता यांच्या पुढाकाराने आंतरराष्ट्रीय खंडीय वेधन कार्यक्रमाशी हात मिळवले. २०११ आणि २०१४ मध्ये कार्यशाळा झाल्या. दीड किलोमीटर खोलीपर्यंतचे नऊ बोअर मारले गेले. त्यांतून निघालेले दगडी दंडगोल कराडजवळ हजारमाची येथील केंद्र सरकारच्या बोअरहोल भूभौतिकी प्रयोगशाळेत पेट्यांत लावून ठेवले आहेत. लाव्ह्याचा प्रत्येक थर, प्रत्येक तांबडा पट्टा, फुग्यांचा प्रत्येक माथा तेथे वरून खाली क्रमाने पाहता येतो. घाटरस्त्यावर झिजलेला आणि गवताने झाकलेला जो भाग हाती लागत नाही, तो येथे ताजा आहे. या खडकाचा अभ्यास करायचा तर आता परदेशी शास्त्रज्ञाला कराडला यावे लागते. नात्याची दिशा बदलली ती येथे.

वायूच्या बाबतीतही कोयनेत नवी गोष्ट घडली. गोठणे येथे २०१६ च्या डिसेंबरमध्ये सुरू झालेला बोअर २०१७ च्या पावसाळ्याच्या तोंडाशी ३ किलोमीटर खोल गेला. वरचे १,२४७ मीटर लाव्ह्याचे थर आणि त्याखाली प्राचीन ग्रॅनाइट. भोक पाडताना जो चिखल नळीतून खाली सोडला जातो तो खालचे वायू घेऊन वर येतो. जर्मनीतील पॉट्सडॅमच्या भूसंशोधन केंद्राच्या सहकार्याने त्या चिखलातले वायू बोअरच्या तोंडाशीच सतत मोजले गेले. नोंदी येथे झाल्या, त्यांचे पृथक्करण दोन्हीकडच्या शास्त्रज्ञांनी मिळून केले आणि २०१९ मध्ये ते एकत्र प्रसिद्ध केले. ग्रॅनाइटमध्ये हेलियम सापडला. प्रावरणातून येणाऱ्या ज्वालामुखी हेलियममध्ये हेलियम-३ चे प्रमाण जास्त असते; येथला हेलियम मात्र खडकातल्या युरेनियम-थोरियमच्या क्षयातून तयार झालेल्या जातीचा निघाला. त्यामुळे कोयनेत धक्का बसला की ‘खाली ज्वालामुखी जागा होतोय का’ अशी जी शंका निघते, तिला या मोजणीने आधार दिलेला नाही. दख्खनचा लाव्हा कधीच थंड झाला. आजचे धक्के भेगा, पाणी आणि दाब यांच्या खेळातले आहेत.

यावर कुणी म्हणेल की एवढा खर्च करून लोकांच्या हाती काय आले? भूकंपाची तारीख सांगता आलेली नाही, आणि ती सांगता येईल असा दावाही करू नये. पण भीतीचे एक खोटे कारण बाजूला झाले, आणि पुढे भेगेजवळ खोलवर कायमची वेधशाळा बसवायची तर तुलनेसाठी आधाराची नोंद तयार झाली. पिनाटुबोवर ५,००० टनांचा अर्थ कळला तो आधी ५०० टनांची नोंद होती म्हणूनच. वायूच्या शास्त्रात पहिली शांत नोंद हीच सर्वांत मोलाची असते आणि ती संकट येण्याआधी घ्यावी लागते.

दोनशे वर्षांच्या या इतिहासाचा निवाडा असा आहे. सह्याद्रीच्या वायूंचा हिशेब अनेक देशांनी मिळून केला म्हणूनच तो झाला, आणि जेथे जेथे येथील माणूस केवळ वाटाड्या राहिला तेथे तो हिशेब अपुरा राहिला. तेव्हा यापुढच्या प्रत्येक करारात तीन अटी असाव्यात: प्रत्येक नमुन्याचा अर्धा भाग कराडच्या भांडारात राहावा, काचेतला वायू मोजणारी यंत्रे पुणे-कराड परिसरात उभी राहावीत, आणि सातारा-सांगलीच्या महाविद्यालयांतील भूगोल-भूशास्त्राच्या विद्यार्थ्यांना त्या दंडगोलांपर्यंत सहज पोहोचता यावे. वाई, आंबेनळी आणि महाबळेश्वर ही नावे जगाच्या निबंधांत पोहोचून चाळीस वर्षे होऊन गेली. त्या भागातल्या मुलांची नावे त्याच निबंधांच्या पहिल्या ओळीत यावीत, यासाठी आता शासनाने आणि विद्यापीठांनी खर्च करावा.